मावशीचं कार्ड

विमानतळाच्या दाराशी गणवेशातल्या माणसानं माझं तिकीट बघितलं, आमच्या दोघींकडे बघितलं आणि मावशीला विचारलं, "लेक चालली का?"

मावशी म्हणाली, "भाची आहे."

मग तिनं माझी ओढणी सारखी केली, मेतकुटाची पुडी वरच्या कप्प्यात आहे हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. नळाचं पाणी पिऊ नकोस." जपानमध्ये भूकंप होऊन सव्वा महिना झाला होता. तिथले आपले लोक मिळेल त्या विमानानं परत येत होते आणि मी उलट्या दिशेनं निघाले होते. तुमच्यापैकी निम्म्यांनी फोन करून मला वेड्यात काढलं होतं, आठवतंय ना? ओसाका तिथून कितीतरी लांब आहे, हे मी नकाशा काढून दाखवलं तरी कुणाला पटलं नव्हतं. एकटी मावशी काही म्हणाली नाही. तिनं फक्त मेतकूट दुप्पट केलं.

विमान अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. तीन सीट मिळाल्या, आडवी झाले, पण डोळ्याला डोळा लागला नाही. भूकंपाची भीती नव्हती. तो एक शब्द सलत होता. भाची.

आता ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मावशी तिची धाकटी बहीण, कुंदा. आई गेली त्याच वर्षी मावशीचं बाबांशी लग्न झालं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. स्वतःचं मूल तिला झालं नाही की तिनं होऊ दिलं नाही, ते मी कधी विचारलं नाही. माझे केस तिनं विंचरले, शाळेत तिनं सोडलं, कांजिण्यांत पंधरा दिवस माझ्या उशाशी ती बसली. मी कॉलेजात असताना बाबा गेले, त्यानंतर ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी तिला मावशी म्हणते. पहिल्यापासून. सगळ्यांना सवयीचं होतं, मलाही. म्हणून तर त्या दारातला शब्द इतका लागला. रोज मी तिला मावशीच म्हणत होते, पण त्याची दुसरी बाजू भाची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि गंमत बघा, मी निघाले होते ती नेमकं हेच शिकायला. माणसांसाठीचे शब्द कसे तयार होतात. आपल्या भाषेतले नव्हेत, तैवानच्या नैर्ऋत्य भागात एक सिराया म्हणून भाषा होती, तिच्यातले. ती घराघरांतून बोलली जायची थांबली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. मागे राहिलं ते थोडंसंच. डच पाद्र्यांनी केलेलं बायबलच्या एका भागाचं भाषांतर, काही शब्दांच्या याद्या, आणि गावकऱ्यांनी जमिनीचे व्यवहार रोमन अक्षरांत लिहून ठेवले होते ते कागद. ठाण्यात हे सांगितलं की लोक विचारायचे, "मग त्याचा उपयोग काय?" मावशीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तिला आवडतं."

माझे प्रोफेसर मोरिता सेन्सेई. बारीक, ताठ, बोलणं कमी. त्यांच्या खोलीत लाकडी ट्रेंमध्ये कार्डं होती, हजारो. कॉम्प्युटरवर सगळं होतंच, पण विचार करायला त्यांना कार्डं लागायची. माणसांच्या शब्दांचे तीन ट्रे माझ्या वाट्याला आले. एकात नात्याचे शब्द, एकात कामावरून पडलेले, एकात गावावरून. कामावरचे सोपे होते. एखादी क्रिया घ्यायची, तिला एक तुकडा जोडायचा, की ते काम करणारा माणूस उभा. मी त्यांना आपला इस्त्रीवाला, पेपरवाला, भाजीवाली समजावून सांगितली. त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. गावावरून लोकांना ओळखतात म्हटल्यावर मी आपली 'कर'वाली आडनावं काढली. सेन्सेईंनी विचारलं, "म्हणजे तुमच्या देशात माणूस आडनावात गाव घेऊन फिरतो?" मी म्हटलं, "हो, आणि कित्येकांनी ते गाव पाहिलेलंही नसतं." ते बराच वेळ मान हलवत राहिले.

नात्याचा ट्रे मला सगळ्यांत आवडायचा. तिथे शब्दाच्या शेवटी 'कुणाचा' ते चिकटायचं. 'नानांग' म्हणजे नाव, 'नानांग-ओहो' म्हणजे तुझं नाव. प्रार्थनेतला 'आमचा बाप' होता 'रामान-इआन', आणि तो 'इआन' म्हणजे आपला नव्हे, आमचा. ज्याच्याशी बोलतोय त्याला बाहेर ठेवणारा. इंग्रजीत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हा फरक समजायला एक तास लागला. मला क्षणभरही नाही. लहानपणापासून 'आमच्या घरी या' आणि 'आपल्या घरी जाऊ' म्हणत आलेय की. परदेशात पहिल्यांदा मला काहीतरी आपोआप येत होतं, त्या आनंदात मी दुपारी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून दोन ओनिगिरी, भाताचे मुटके, जास्त आणल्या.

सेन्सेईंचा एक नियम होता. प्रत्येक कार्डावर खाली एक ओळ असायची: कोण, कुणाला. म्हणजे हा शब्द त्या भाषेच्या कुठल्या माणसानं कुठल्या माणसाला म्हटलेला आपल्याला माहीत आहे. माहीत असेल तर कार्ड ट्रेमध्ये आडवं बसायचं. नुसताच पाद्र्यानं लिहिलेला शब्द असेल, बोलणारं तोंड सापडत नसेल, तर कार्ड उभं लावायचं, म्हणजे ते इतरांच्या वर डोकं काढून राहायचं. नात्याच्या ट्रेमध्ये अशी कितीतरी डोकी वर होती. 'रेना' म्हणजे आई, ते कार्डही उभं.

दुसऱ्या वर्षी ताइनानहून एक बाई आल्या. शाळेत शिकवायच्या, सिराया लोकांच्या वंशातल्या. त्यांच्या आजीनं आपण कोण ते जन्मभर लपवलं होतं. आता ही मंडळी जुन्या कागदांतून भाषा शिकत होती आणि मुलांना शिकवत होती. सेन्सेईंनी त्यांना 'रेना'चं कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हा शब्द थोडा वेगळा म्हणतात. माझा मुलगा मला तशीच हाक मारतो." आणि लाजल्या. सेन्सेईंनी पेन्सिल उचलली, खालच्या ओळीवर लिहिलं, मुलगा, आईला. आणि कार्ड आडवं केलं. मला रडू आलं, आणि कशाचं ते त्या बाईंना इंग्रजीत सांगता येईना.

पुढे माझं लग्न झालं. मिलिंद नागपूरचा, ओसाकात सॉफ्टवेअरमध्ये. मग दिवस राहिले. आपल्याकडे बाळंतपणाला आई येते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. मी सहाव्या महिन्यात मावशीच्या व्हिसाचे कागद करायला घेतले. बोलावण्याचं कारण जपानीत लिहायचं होतं, आणि एक रकाना होता, तुमचं नातं काय. मी बिनदिक्कत लिहिलं, 'ओबा'. मावशी. इथे आल्यापासून सगळ्या फॉर्मांवर तेच तर लिहीत आले होते. युनिव्हर्सिटीत पहिल्या दिवशी अडचणीत कुणाला कळवायचं त्या कागदावर, वॉर्ड ऑफिसात, मिलिंदच्या कंपनीतसुद्धा.

मुंबईच्या एजंटनं आठवड्याभरात फोन केला. "मॅडम, आंटी आहेत तर तुमच्या आईचा आणि यांचा जन्मदाखला लागेल, दोघींचे आईवडील एक आहेत हे दिसलं पाहिजे." आईचा जन्म घरातला, खेड्यातला. दाखला कुठला मिळायला? "आणि मदर असतील, तर तुमच्या पासपोर्टवर मदरचं नाव वेगळं कसं?" तो चांगला माणूस होता. म्हणाला, "एकदा नाही म्हणाले की सहा महिने परत अर्ज करता येत नाही. नीट ठरवून पाठवा." तारखेला तीन महिने राहिले होते. म्हणजे चुकलं असतं तर मावशी आलीच नसती. चूक माझी होती. माणसांच्या शब्दांवर पीएचडी करणाऱ्या बाईनं स्वतःच्या माणसाचा शब्द शब्दकोशातून उचलून लिहिला होता.

जपानी तपासून घ्यायला मी कागद सेन्सेईंकडे नेले. त्यांनी 'ओबा'वर पेन्सिल ठेवली. "पण यांनीच तुम्हाला वाढवलं ना?" मी हो म्हटलं. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे कार्ड मला आडवं बसवता येणार नाही. कोण, कुणाला, केव्हापासून, ते लिहा. वेगळ्या कागदावर, खुलासा म्हणून. वाचणारा माणूसच असतो." थोडं थांबून म्हणाले, "फॉर्मवर मात्र योग्य शब्द घालावा लागेल."

योग्य शब्द मला माहीत होता. सावत्र आई. आमच्या घरात हा शब्द कधी, कुणी, भांडणातही काढला नव्हता. शेजारच्या काकूंनी एकदा काढला तर बाबांनी त्यांच्याकडचं पापडाचं ताट तसंच परत पाठवलं होतं. आणि आता मी तो सरकारी कागदावर लिहून, खाली सही करून, देशोदेशी पाठवणार होते.

मी मावशीला फोन लावला. तिच्याकडे दुपार होती, मेथी निवडत होती. काड्या मोडल्याचा आवाज येत होता.

"मावशी, फॉर्मवर सावत्र आई असं लिहावं लागेल."

काड्यांचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. "लिही की. खोटं थोडंच आहे?"

"आपल्या घरात कधी हा शब्द आला नाही गं."

"फॉर्म कुठे घरात येतोय? तू लिही. मला तिथे यायचंय."

मग मला खुलाशासाठी विचारायचं होतं ते विचारलं. मी तुला मावशीच म्हणायचं, हे कुणी ठरवलं? बाबांनी? माझी समजूत होती की मीच हट्टानं म्हणत राहिले असेन, आणि त्याचा सल तिच्या मनात असेल. इतकी वर्षं मी तो सल माझ्याच नावावर धरून बसले होते.

मावशी म्हणाली, "मी ठरवलं."

आणि मग ती बोलली. इतकं सलग ती कधी बोलत नाही. "मी घरात आले आणि दीडेक महिन्यानं तू मला आई म्हणायला लागलीस. कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या मुली म्हणायच्या तसं. पंधरा दिवस म्हणत होतीस. मला इतकं गोड वाटायचं की मीच घाबरले. ताई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं गं. तिच्या कपाटात माझे कपडे, तिच्या पातेल्यात माझा भात. सगळं तिचं मी घेतलंय आणि आता हेही घ्यायचं? तिला मागे काय राहिलं मग? म्हणून मी तू आई म्हणालीस की ओ देईना. मावशी म्हणालीस की धावत यायची. तीन दिवसांत शिकलीस."

ती पुढे म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तू स्टुलावरून पडलीस. 'आई गं' म्हणून रडलीस, आणि माझ्याकडे बघून लगेच म्हणालीस, 'मावशी गं'. एवढीशी पोर, रडता रडता चूक सुधारलीस. ते माझ्या कानातून अजून जात नाही. मला वाटलं, जाऊ दे, म्हणू दे आई. पण मग तू म्हणालीच नाहीस."

ओसाकात संध्याकाळ होत होती. खालून शाळेतली पोरं पिवळ्या टोप्या घालून चालली होती. मी खिडकीशी उभी राहून मनसोक्त रडले, तीही रडली, आणि मग नाक ओढून म्हणाली, "पुरे आता, पोटातल्याला त्रास होईल."

मी विचारलंच. "मग विमानतळावर भाची का म्हणालीस?"

तिला आठवत होतं. मला वाटलं होतं आठवणार नाही. "अगं, लेक म्हटलं असतं तर तिथेच फुटले असते. तो माणूस समोर उभा. तुला आत कसं सोडलं असतं?"

मी खुलासा लिहिला. दोन पानं. स्टूल लिहिलं, पंधरा दिवस लिहिले, सावत्र हा शब्द एकदा लिहिला आणि त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलं की हा शब्द आम्ही वापरत नाही. सेन्सेईंनी दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. बाकी काही खोडलं नाही. चष्मा पुसत बसले. तीन आठवड्यांनी व्हिसा आला.

मावशी आली ती अळीव, डिंक, बाळंतशेप, सुंठ आणि चार सुती साड्यांच्या घड्या घेऊन. पहिल्या आठवड्यात तिनं कचऱ्याचं वेळापत्रक पाठ केलं. दुधाचे खोके धुऊन, कापून, वाळवून ठेवायचे हे तिला फार आवडलं, म्हणाली, "शहाणे लोक आहेत." धुरी मात्र देता आली नाही. छतावरच्या धुराच्या अलार्मकडे ती रोज रागानं बघायची. मिलिंदकडून कागदावर देवनागरीत पाच-सहा जपानी शब्द लिहून घेतले आणि ते पोळ्या लाटताना म्हणत बसायची.

मुलगी झाली. मला खोलीत आणलं तेव्हा मी अर्धवट ग्लानीत होते. नर्सनं मिलिंदला मावशीकडे हात करून काहीतरी विचारलं. तो उत्तर देणार तेवढ्यात मावशीच पुढे झाली. माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "मुसुमे देस." मुलगी आहे. मग तिला ते पुरेसं वाटलं नाही बहुतेक. कागद आठवत, एक एक अक्षर मोजून तिनं जोडलं, "वाताशि नो." माझी.

जपानीत 'माझी' आधी येतं. तिनं ते शेवटी चिकटवलं. नर्सला कळलं, तिनं वाकून नमस्कार केला. मी डोळे मिटूनच पडून राहिले, कारण उघडले असते तर मावशीनं बोलणं थांबवलं असतं.

तीन महिन्यांनी मावशी परत गेली. तिथून पुढे दर दोन वर्षांनी येते. सईला, म्हणजे माझ्या लेकीला, मी शंभरदा शिकवलं की ही आजी. आजी म्हण. पण घरात दिवसभर मी हाक मारणार मावशी, फोनवर मी म्हणणार मावशी, मग पोर काय शिकणार? सईही तिला मावशीच म्हणते. होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, आजी-आजोबांचं चित्र काढायला सांगितलं तर हिनं चित्राखाली 'माउशी' लिहिलं. बाईंनी मला बोलावून विचारलं, हे कोण? मी सांगायला लागले, तेवढ्यात सई जपानीत म्हणाली, "मावशी म्हणजे मावशी." आणि खेळायला पळाली. मी मावशीला फोनवर म्हटलं, मी तिला आजी म्हणायला लावते थांब. ती म्हणाली, "लावू नकोस. एकदा मी लावलं होतं."

मीही तिला आई म्हणत नाही. एकदोनदा ओठांवर आलं. पण तो शब्द मी म्हटला की तिला स्टूल आठवेल, आणि मावशी म्हटलं की ती अजूनही धावतच येते. फॉर्मांवर आता मी 'हाहा' लिहिते. आई. कागद कागदाच्या जागी. लोक विचारतात, घर कुठे? मिलिंद म्हणतो ओसाका, मी पूर्वी ठाणं म्हणायची. आता मला वाटतं, जिथे मी मावशी म्हटल्यावर कुणी नातं विचारत नाही, तेवढं माझं घर. त्यात सध्या चार माणसं आहेत, दोन देशांत.

मागच्या वसंतात सेन्सेई निवृत्त झाले. कार्डं ग्रंथालयात जायची होती, ती खोक्यांत भरायला मी गेले. नात्याचा ट्रे मीच घेतला. डोकी वर काढलेली कार्डं पूर्वीपेक्षा कमी झाली होती, ताइनानच्या बाई पत्रानं कळवत असाव्यात. 'रेना'च्या मागे एक कार्ड होतं, ते मी केलेलं नव्हतं. सेन्सेईंचं अक्षर. सिराया शब्द नव्हताच. परके शब्द लिहायच्या काताकाना लिपीत लिहिलं होतं, 'माउशी'. आणि खाली, नेहमीच्या ओळीवर: मुलगी, आईला. ओसाका.

ते आडवं होतं. किती वर्षांपासून होतं कोण जाणे.

सेन्सेई पलीकडे पाठमोरे दोरी बांधत होते. मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्यांच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: नात, आजीला. मग कार्ड होतं तिथे परत ठेवलं.